हेडिंग आधीच लावून ठेवलं होतं

तेव्हा मी एका मराठी पेपरच्या क्रीडा डेस्कवर नाइटला होतो. १३ जानेवारी २०१९, रविवार. वरची अर्धी जागा हार्दिक पंड्या-के. एल. राहुलच्या निलंबनाने खाल्लेली, तळाला दोन कॉलम फुटबॉलला, तेही मीच भांडून घेतलेले. वेम्बलीवर टॉटनहॅम (म्हणजेच स्पर्स) विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, आपल्याकडे रात्री १० ला सुरू आणि पान सोडायचं सव्वाबाराला.

युनायटेडने मॅनेजर मॉरिन्होला डिसेंबरात काढलं आणि त्याच्या जागी हंगाम संपेपर्यंत म्हणून सोल्सकायर आला (नाव कसं लिहायचं यावर डेस्कवर तीन मतं), पहिल्याच मॅचला कार्डिफला ५-१, ती धरून सलग पाच जिंकल्या. पण समोर सगळे लिंबूटिंबू, खरी परीक्षा ही.

४४व्या मिनिटाला स्पर्सच्या ट्रिपिअरचा पास युनायटेडच्या लिंगार्डने मधेच कापला, पोग्बाला दिला, पोग्बाने मान वर करून बघितलं न बघितलं तोच लांब बॉल सोडला आणि रॅशफोर्ड उजवीकडून सुटलेलाच होता, खालून तिरका मारला स्पर्सचा गोलकीपर लोरिसच्या पलीकडच्या कोपऱ्यात. लिंगार्डला मधे ठेवून रॅशफोर्ड आणि मार्शियालला दोन्ही कडांना का उभं केलंय ते तेव्हा डोक्यात शिरलं, स्पर्सचे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर गेले की मागे रान मोकळंच. मी हाफटाइमलाच हेडिंग टाकलं, "युनायटेडचा आक्रमक बाणा". मग बातमीच्या इंट्रोत काउंटर अटॅकला काय लिहायचं यावर जुंपली. सर म्हणाले प्रतिहल्ला, मी म्हटलं सर सीमेवरची बातमी वाटते, काउंटर अटॅकच राहू दे, लोकांना कळतं. सरांनी चष्म्यावरून बघितलं फक्त.

सेकंड हाफला युनायटेड पार स्वतःच्या बॉक्सजवळ. स्पर्स येतायत, परत येतायत, आणि युनायटेडचा गोलकीपर डी गिया अडवतोय, बऱ्याचदा तर चक्क पायाने, हात असून. मधूनच पोग्बा सुटायचा तर तिकडे लोरिस उभा. शेवटी मोजले तर डी गियाचे ११ सेव्ह! मॉरिन्हो असाच मागे बसला की आम्हीच "गोलसमोर बस लावली" म्हणून नावं ठेवायचो, आता तेच करतायत आणि मी आक्रमक बाणा लिहून बसलोय. फरक एवढाच की पुढे पळणारी पोरं ठेवलीयत, त्यामुळे स्पर्सला सगळे वर पाठवायची हिंमत होत नव्हती, असं माझं मत.

१-० ने संपली तेव्हा बाराला दहा कमी. हेडिंग उडवलं, "डी गियाची भिंत, युनायटेडचा सहावा विजय" टाकलं तर ऑपरेटर म्हणतो बसत नाही, विजय काढा. विजय काढून कसं चालेल, मग भिंतच काढली. पान गेलं.

सकाळी सरांचा फोन. हेडिंगमधे डी गिया आणि खाली फोटो गोल मारून पळणाऱ्या रॅशफोर्डचा, हाफटाइमला लावलेला, तो बदलायचा राहिलाच. आणि इंट्रोत प्रतिहल्ला.