आधी श्वास, मग पाय

"सिस्टर, पायाकडे नंतर. आधी मान धरा, तो बोलतोय का बघा."

आज ट्रॉमाच्या, म्हणजे अपघातातल्या गंभीर जखमींवरच्या उपचारांच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी मला हे दोनदा सांगितलं. समोर पुतळा होता, गुडघ्याखाली पाय वाकडा झालेला. धो धो रक्त वाहत असतं तर ते आधी दाबायचं. पण इथे तसं काही नव्हतं, तरी अकरा वर्षं कॅज्युअल्टीत काढलेला माझा हात थेट पायाकडेच गेला.

चहाच्या वेळी सरांनी या क्रमामागची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९७६, अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य. हाडांचे सर्जन जेम्स स्टायनर चालवत असलेलं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. कशीबशी गाडी मिळवून ते गावच्या रुग्णालयात पोहोचले, पण अशा जखमींना आधी काय करायचं, हे तिथे कुणाला शिकवलेलंच नव्हतं.

त्यांनी नेब्रास्कातल्याच लिंकन शहरातले सहकारी डॉक्टर, नर्स जमवले. १९७८ मध्ये ऑबर्न या छोट्या गावात पहिला कोर्स झाला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. तोच आज एटीएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) म्हणून भारतातही शिकवतात.

एका भागातली मोजकी माणसं होती ती. परतताना एसटीत तेच डोक्यात होतं. आमच्याकडे रात्री हायवेवरचा पेशंट आला की पहिला हात नर्सचा, नाहीतर वॉर्डबॉयचा लागतो.

आपल्या जिल्ह्यातले सर्जन, भूलतज्ज्ञ, १०८ चे डॉक्टर आणि आम्ही सिस्टर महिन्यातून एकदा एकत्र बसलो तर? कोण कोण येईल?