खाजेचा धडा

त्या दिवशी काय करायचं ते स्टोरीबोर्डात नीट आखलेलं होतं. सात मिनिटांचा व्हिडिओ, तीन अध्ययन निष्पत्ती, शेवटी पाच बहुपर्यायी प्रश्न. विषय शेवळं. डहाणू तालुक्यातल्या वारली मुलांसाठी परिसर अभ्यासाचे ऑनलाइन धडे करायचं काम आमच्याकडे होतं आणि त्यातले रानभाज्यांचे धडे माझ्या वाट्याला आले होते. ‘स्थानिक ज्ञान’ असा एक रकानाच होता एक्सेलमध्ये. तो भरायला आम्ही निघालो होतो.

जूनचा पहिला आठवडा. दोन सरी पडून गेलेल्या. शेवळांचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. सुरणाच्याच कुळातलं हे रोप. पानाआधी फुलाचा कोंब जमिनीतून वर येतो, तांबूस-जांभळा, शेंड्याला निमुळता. भाजी करायची ती ह्या कोंबाची. पुढे पानं फुटली की त्यांच्या कोवळ्या सुरळ्या ‘लोत’ म्हणून खातात. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण मी ते आदल्या रात्री वाचून गेले होते.

पाड्यावरची आजी सत्तरीच्या पुढची असेल. तिच्या लुगड्याला कॉलर माइक लावला, तेव्हा तिने तो चिमटीत धरून निरखला आणि सोडून दिला. बरोबर तिचा सात-आठ वर्षांचा नातू आणि सहावीतली नात. शाळेला सुट्टी होती. आम्ही चालायला लागलो. चाळीस मिनिटं झाली तरी माइकमध्ये फक्त पाचोळ्याचा आवाज.

“आजी, मुलांना सांगा ना, हे कुठे उगवतं ते.”

“त्यांना दिसतंय की,” ती म्हणाली. (ती वारलीत बोलत होती, मी मला जमेल तसं मराठीत लिहितेय. तिच्या बोलण्यात अहो-जाहो नाही, मलाही ती ‘तू’च म्हणायची.)

एका झुडपाखाली ती बसली. पाचोळा बाजूला केला, कोंब बुडाशी धरून अलगद मोडला, टोपलीत टाकला. खालच्या कंदाला हात लावला नाही. तिची बोटं कशी वळतात ते पाहत नात शेजारी बसली आणि थोड्या वेळाने तिनेही एक मोडला. नातवाने ओढला तो कंदासकट उपटून आला. मला वाटलं, आता आजी सांगेल, कंद ठेवायचा असतो, पुढच्या वर्षी त्यातूनच येतं. कॅमेरावाल्याला मी खूणही केली. आजीने त्या पोराच्या हातातून कंद घेतला, त्याच खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली आणि पुढे गेली. पोरगा खड्ड्याकडे बघत राहिला. पुढचा कोंब त्याने मोडला.

चौथीपर्यंत मी शिकवलेलं आहे. अशा वेळी माझं तोंड आपोआप उघडतं. त्या दिवशी ते मिटून ठेवणं हेच मोठं काम होतं.

वाटेत काकडाच्या झाडाखाली थांबून हिरवी आंबट फळं वेचली. घरी आल्यावर साफसफाई. शेवळाचं बाहेरचं आवरण काढायचं आणि आतल्या दांड्याचा बुडाकडचा पिवळा भाग खुडून टाकायचा. फार खाजतो तो. ह्या कुळातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून भाजीत काकडाचा आंबट रस घालतात. हा मजकूर माझ्या पटकथेत निवेदकाच्या तोंडी होता. मीही एक जुडी घेऊन बसले. पिवळा भाग नेमका कुठे संपतो हे मला कळेना, चिमटीत चुरला गेला. आजी बघत होती. काही बोलली नाही.

पाच मिनिटांत बोटांच्या बेचक्यात चुणचुण सुरू झाली, मग मनगटाशी. नातू माझ्याकडे बघून खदाखदा हसला आणि स्वतःचा हात पुढे करून दाखवला. त्याचाही लाल झालेला. नातीने न सांगता काकडाचं फळ ठेचून आम्हा दोघांच्या हातांवर चोळलं. मी निवडलेली जुडी आजीने पुन्हा एकदा निवडली, माझ्यादेखत, सावकाश. तेवढीच शिकवणी.

परतताना गाडीत मी कोसबाडचा विचार करत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. डी.एड.ला ह्यावर मी टीप लिहिलेली आहे, पाचपैकी साडेचार गुण. आणि त्याच तालुक्यात मी प्रश्नपत्रिका खिशात घालून रानात गेले होते.

एडिटिंगला बसलो तेव्हा दोन तास चाळीस मिनिटांच्या चित्रीकरणात आजीची वाक्यं मोजून अकरा. वरून सूचना आली की निवेदन टाका, मागे तारप्याचं, म्हणजे वारल्यांच्या फुंकवाद्याचं, संगीत लावा. मी भांडले. तारपा भात पिकल्यावरचा, तो जूनमध्ये कशाला वाजेल? आणि निवेदन टाकलं की आजी मागे राहते, पुढे निवेदक येतो. शेवटी साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ ठरला. त्यात फक्त हात. कंद परत ठेवणारे, पिवळं खुडणारे, काकड चोळणारे. शब्द नाहीत. पाच प्रश्न काढून टाकले. त्या जागी एकच काम दिलं. घरच्या कुणाबरोबर रानात जा, आल्यावर काय झालं ते तुमच्या बोलीत रेकॉर्ड करा. देवनागरीत वारली लिहिता येते, पण मुलांना बोलणं सोपं पडतं.

एक गोष्ट मात्र आजीनेच स्पष्ट विचारली होती. “हे मुंबईत दिसेल का?” दिसेल, म्हटलं. “मग जागा दिसायला नको. टेम्पो घेऊन येतील.” मोबाइलच्या फोटोंत ठिकाणाची नोंद असू शकते हे मला माहीत होतं, पण तिने विचारेपर्यंत सुचलं नव्हतं. सगळ्या फोटोंतून ती काढली, ओळखू येईल असा डोंगर होता ती फ्रेमही कापली.

आणखी एक शहाणपणा मी केला. धडा फक्त हंगामात उघडावा म्हणून त्याला तारखेचं कुलूप लावलं, एक जून. फार खूश होते मी त्या कल्पनेवर. पुढच्या वर्षी पाऊस लांबला. एक तारखेला धडा उघडला, पोरं टोपल्या घेऊन रानात गेली आणि हात हलवत परत आली. नातीने पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मागून आजीचा आवाज आहे, “फोनला कुणी सांगितलं शेवळं आलीत म्हणून?”

आता त्या धड्याला तारीख नाही. पाड्यावरून निरोप आला की तिथले गुरुजी तो उघडतात. यंदाचा अजून आलेला नाही.