वाचनालयातल्या वर्षभराच्या संध्याकाळी

नाशिकमधे वाचनालय म्हटलं की सगळ्यांना आधी सावाना आठवतं, म्हणजे टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० साली सुरू झालेलं. पण मी जिथे वाढले ते वाचनालय पंचवटीतलं, एका गल्लीत, दोनच खोल्यांचं. खाली किराणा दुकान आणि वर पुस्तकं. मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या सभासदांच्या ग्रुपवर कोणीतरी तिथल्या कोजागिरीचा फोटो टाकला आणि मग दोन दिवस नुसता धुमाकूळ, हा कोण, ती कोण, आणि पातेल्याशेजारी उभे आहेत ते काका आता कुठे असतात वगैरे. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहून काढतेय.

आमच्याकडे वर्षाची सुरुवात व्हायची दिवाळी अंकांनी. कॅलेंडर काहीही म्हणो. वसुबारसेच्या आसपास अंकांचे गठ्ठे यायचे, मग आम्ही पोरं प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालायचो, आत पहिल्या पानावर आणि मधल्या एका ठराविक पानावर शिक्का मारायचो आणि दाखल नंबर टाकायचो. नवीन कागदाचा, डिंकाचा आणि शिक्क्याच्या शाईचा मिळून जो वास यायचा ना, तो मला अजूनही दिवाळीचाच वास वाटतो, फराळाच्या बरोबरीने. ग्रंथपाल बाई दर वर्षी न चुकता सांगायच्या की काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी १९०९ साली मनोरंजनचा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली, आणि दर वर्षी आम्ही ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचो कारण बाई सांगायच्याच इतक्या जीव लावून. मग भाऊबीज झाली की सगळे अंक टेबलांवर मांडून प्रदर्शन, नुसते चाळायचे, घरी न्यायचे नाहीत. वाटप दुसऱ्या दिवसापासून, दिवाळी अंक योजनेची वेगळी वर्गणी भरायची आणि एका वेळी दोन अंक.

पण खरी गंमत जानेवारीत. तोपर्यंत बऱ्याच जणांचे बरेच अंक वाचून झालेले असायचे आणि मग एका रविवारी संध्याकाळी 'वाचक बोलतात' असा कार्यक्रम व्हायचा. पाहुणा नाही, अध्यक्ष नाही, हार नाही. सतरंजीवर सगळे गोल करून बसायचे आणि ज्याला वाटेल त्याने आपल्याला आवडलेल्या एका कथेबद्दल किंवा लेखाबद्दल बोलायचं. मला आयुष्यात ज्या कार्यक्रमांनी काही दिलं त्यात हा सगळ्यात वरचा, हे मी अगदी मनापासून सांगते.

आमच्याच गल्लीत शिवणकाम करणारे एक काका होते. गळ्यात टेप तशीच ठेवून दुकानातून थेट वर यायचे. एका वर्षी ते उठले, शर्टाच्या खिशातून बिलबुकाचं एक पान काढलं, त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात मुद्दे लिहिलेले. कथा एका बाईची होती, जी गावाकडचं घर विकायला जाते आणि सही न करताच परत येते. काका म्हणाले, लेखकाने ती का परत आली हे कुठेच सांगितलं नाही, पण ती पिशवीतून किल्ली काढते आणि परत ठेवते असं तीनदा येतं, ते बघा. बास, एवढंच बोलले आणि बसले. पलीकडे एक निवृत्त मास्तर होते, त्यांना ही कथा अजिबात आवडली नव्हती, ते लगेच म्हणाले अहो पण शेवट अर्धवट सोडलाय, हे काही खरं नाही. आणि मग जी जुंपली, पाऊण तास. मधेच एक आजी म्हणाल्या की मी स्वतः असं घर विकलंय, मला विचारा. त्या जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे, पण मास्तर शांतपणे ऐकत होते आणि शेवटी म्हणाले की मी ती कथा परत वाचतो. दुसऱ्या दिवशी त्या अंकासाठी एवढी नावं आली की बाईंनी वेगळी यादी करून भिंतीला लावली. मी सातवीत होते, माझा नंबर यायला मार्च उजाडला, आणि मी वाचताना फक्त ती किल्ली शोधत होते. वाचायचं कसं हे मला शाळेने नाही, त्या काकांनी शिकवलं.

बाकी कार्यक्रम म्हणाल तर पुष्कळ. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी कवितावाचन, ते तर नाशिकमधे कुठे नसतं! तात्यासाहेब आपल्याच गावचे, त्यामुळे मराठी भाषा दिन इथे घरचं कार्य असल्यासारखा होतो. आमच्याकडे नियम एकच, प्रत्येकाने एक कविता म्हणायची, स्वतःची असेल तर छोटी. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, त्या दिवशी आम्ही बाईंना गुलाबाचं फूल द्यायचो आणि त्या आम्हाला रंगनाथनांचं ते सूत्र सांगायच्या की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्या हे नुसतं सांगायच्या नाहीत, पाळायच्या पण. कोण काय परत करतंय आणि किती दिवसांत, यावरून त्या पुढचं पुस्तक काढून ठेवायच्या. आणि कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध, गाणी आणि नकला. दूध दर वर्षी थोडं लागायचंच खाली, तरी सगळे दोन-दोन ग्लास प्यायचे.

मे महिन्यात मात्र वाचनालयाचे कार्यक्रम बंद, कारण सगळेच वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर. यशवंतराव महाराज पटांगणावर रोज संध्याकाळी व्याख्यान, शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला, आणि आम्ही पंचवटीकर म्हणजे पाच मिनिटांत हजर. दिवसभर तापलेली फरशी खालून गरम लागायची आणि नदीकडून वारा यायचा. विषय काहीही असो, शेती, अंतराळ, इतिहास, बँका. निम्मं कळायचं नाही. पण येताना आत्या आणि तिच्या मैत्रिणी ज्या गप्पा मारायच्या त्यात उरलेलं निम्मं कळायचं, आणि मग जूनमधे वाचनालयात त्या विषयांची पुस्तकं मागायला हीऽऽ गर्दी.

सावानाला जायचं म्हणजे जरा नीट कपडे घालून. होळकर पुलावरून, रविवार कारंजा, मेन रोड असं चालत. औरंगाबादकर सभागृहात कोणी मोठे लेखक आलेले असायचे, कधी तिथल्याच सायखेडकर नाट्यगृहात बालनाट्य. तिथलं जुन्या नाण्यांचं आणि पोथ्यांचं संग्रहालय मी पहिल्यांदा पाहिलं तेही अशाच एका कार्यक्रमाला लवकर पोचलो म्हणून.

२०२१ च्या डिसेंबरमधे आडगावला ९४ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा आम्ही जुने सगळे मिळून गेलो होतो. केवढा तो मांडव, केवढी पुस्तकांची दुकानं, डोळे भरून पाहिलं. आणि जेवणाच्या मंडपात बसून आम्ही बोललो ते मात्र कुणी काय वाचलं यावरच, मास्तर-काका स्टाईल, अगदी आवाज चढवून.

ते दोन खोल्यांचं वाचनालय आता नाही, जागा गेली, पुस्तकं दुसऱ्या एका वाचनालयाला दिली. पण गावात अजून कितीतरी वाचनालयं चालू आहेत आणि कार्यक्रमही होतात, मी जाते. हल्ली एक मात्र फार जाणवतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, परिचय, मनोगत, यातच तास जातो, मग व्याख्यान, आणि प्रश्नोत्तरांची वेळ आली की वेळेअभावी आभार. वाचक बोलायचा राहूनच जातो. सत्कार करू नका असं नाही, माणसं खूप कष्ट करतात, त्यांचा मान व्हायलाच हवा. पण वर्षातला एक रविवार तरी पाहुण्याशिवाय ठेवा ना. खुर्च्या नकोत, माईक नको, खर्च फक्त चहाचा. आम्ही ग्रुपवर ठरवलंय की या जानेवारीत एकीच्या घरी गंगापूर रोडला असं जमायचं, ज्याने जो अंक वाचलाय तो घेऊन यायचं. शिवणवाल्या काकांच्या मुलाला पण फोन झालाय, तो येतो म्हणालाय, आणि त्याने विचारलं की एकच कथा का, दोन चालतील का. चालतील की!