रक्तदाब तपासणीची रिकामी खुर्ची
आमच्या कार्यालयात रक्तदाब तपासणीच्या पहिल्या दिवशी रांग लागली होती. तिसऱ्या महिन्यात मात्र परिचारिकेसमोरची खुर्ची बराच वेळ रिकामीच असे. उच्च रक्तदाबात सहसा काहीच दुखत नाही, त्यामुळे आकडा १४०/९० च्या वर गेलेल्या माणसालाही आपण आजारी आहोत असे वाटत नाही आणि कामाची घाई झाली की तपासणीच आधी मागे पडते. मीही ती दोनदा चुकवली, याची मला खंत आहे. कॅनडातील पोलाद कामगारांच्या १९७८ मधील अभ्यासात तर निदान कळल्यानंतर कामावरची गैरहजेरी वाढलेली दिसली. नुसते निदान सांगून सोडून देणे म्हणूनच मला पटत नाही. मोजणीआधी ५ मिनिटे शांत बसता येईल एवढा वेळ कामाच्या तासांतच मिळावा आणि न आलेल्यांची परिचारिकेने स्वतः फोन करून आपुलकीने चौकशी करावी.