टेक्निकल मुद्द्यावर सुटला म्हणजे नेमकं काय झालं?

'तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा रद्द' अशी बातमी वाचली की आधी माझं डोकंच फिरायचं. एवढा तपास, साक्षीपुराव्यात गेलेली वर्षं, खालच्या कोर्टात शिक्षा लागलेली, आणि वर अपिलात कुठल्यातरी कलमाचं पालन झालं नाही म्हणून सगळं पाण्यात. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी काय करायचं?

मग क्लॅरेन्स गिडियनची केस वाचली. अमेरिकेत फ्लोरिडातला माणूस, १९६१ साली बिलियर्ड्ससारखा खेळ चालतो अशा एका पूल हॉलमध्ये चोरीसाठी घुसला म्हणून पकडलेला. वकील करायला पैसे नव्हते, कोर्टाकडे मागितला तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे नाही म्हणाले, मग स्वतःच आपली केस चालवली आणि पाच वर्षांची शिक्षा लागली. तुरुंगातून त्याने पेन्सिलने अर्ज लिहून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला पाठवला आणि १९६३ मध्ये शिक्षा रद्द झाली, कारण काय तर वकील दिला नव्हता. म्हणजे टेक्निकलच की! पण खटला परत चालला, ह्यावेळी वकील होता, त्याने मुख्य साक्षीदाराला उलटतपासणीत घेतलं, आणि ज्युरीने साधारण तासाभरात गिडियनला निर्दोष सोडलं.

आता उलटं उदाहरण, अमेरिकेतलाच एक आरोपी अर्नेस्टो मिरांडा. गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क न सांगता पोलिसांनी घेतलेला कबुलीजबाब म्हणून १९६६ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, पण तो सुटून घरी नाही गेला, १९६७ मध्ये तो कबुलीजबाब बाजूला ठेवून पुन्हा खटला चालला आणि परत दोषी ठरला. रद्द होणं आणि सुटणं ह्यात फरक आहे, हे आपण बातमी वाचताना विसरतोच.

आपल्याकडे एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ५० घ्या. अंगझडतीआधी सांगायचं की तुला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा हक्क आहे. एक वाक्य. १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की हे वाक्य सांगितलंच नाही आणि शिक्षा फक्त त्या झडतीत सापडलेल्या मालावर उभी असेल तर ती टिकत नाही. ऐकायला फालतू वाटतं, पण विचार करा, पुडी खिशातून निघाली की खिशात टाकली हे सांगणारे फक्त झडती घेणारेच असतील, आणि माल व्यावसायिक प्रमाणात असेल तर किमान दहा वर्षं आत, तर त्या एका वाक्याशिवाय आरोपीच्या हातात उरतं काय?

म्हणून माझं मत असं की चुकीमुळे पुराव्यावरचाच भरवसा उडत असेल, किंवा माणसाला बचावाची संधीच मिळाली नसेल, तर शिक्षा रद्द व्हायलाच हवी. कागदावर तारीख चुकली, खटला भलत्याच भागातल्या कोर्टात चालला, असल्या गोष्टींवर नको, आणि कायदाही तेच म्हणतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ मध्ये स्पष्ट होतं की चुकीमुळे खरोखर अन्याय झाला असेल तरच निकाल फिरवायचा.

पण फेरखटला म्हणजे पीडितेने परत त्याच पिंजऱ्यात उभं राहून तेच सगळं बोलायचं. साक्षीदार तोवर विसरलेले, काही वारलेले. आणि हे सगळं ज्याच्या एका न बोललेल्या वाक्यामुळे झालं त्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारल्याचं मी क्वचितच वाचलंय. मला राग येतो तो ह्याचा, निकाल फिरवणाऱ्या न्यायाधीशाचा नाही.