नानखटाई का नाही?

सुरत इतकी जवळ, सगळं बडोदं नानखटाईवर वाढलेलं, आणि तुम्ही मात्र पुस्तकांच्या बैठकीला दर वेळी ती शॉर्टब्रेडच, म्हणजे लोण्याची स्कॉटिश बिस्किटंच, का घेऊन येता? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सविस्तर सांगतो. नानखटाईशी माझं काही वाकडं नाही. घरी असली की मीच डबा रिकामा करतो. पण बैठकीत तिची बशी ठेवली की पुस्तक बाजूला पडतं. आमच्याकडे बेसनही घालायचे, आमच्याकडे रवा, आई बेकरीत तूप-साखर-मैदा घेऊन जायची आणि डबे भरून आणायची, हल्लीच्या नानखटाईत तुपाच्या नावाखाली काय घालतात कोण जाणे. अर्धा तास जातो. नानखटाईवर मत नसलेला माणूस मला या शहरात भेटलेला नाही. शॉर्टब्रेडवर मात्र कोणाचंच मत नाही. ती खातात, 'छान आहे' म्हणतात आणि पुन्हा तिसऱ्या प्रकरणाकडे वळतात. बैठकीला हवा तो पदार्थ असाच असावा, असं माझं ठाम मत आहे. वाद घालायला पुस्तक आहे की.

फरसाण का नाही, हा याच्या पाठोपाठचा प्रश्न. अहो, हातात पुस्तक असतं! आमच्या बडोद्याचा लीलो चेवडो तर मुळातच ओलसर, वर हळद. एक बकाणा भरला की पुढच्या चार पानांवर अंगठ्याचे पिवळे ठसे. त्यातून आमच्यातले निम्मे जण मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तक आणतात. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. त्या परंपरेतलं पुस्तक तेलकट करून परत द्यायचं म्हणजे जरा जास्तच होतं. शॉर्टब्रेडचा भुगा पडतो, हे खरं. पण तो कोरडा असतो. पान झटकलं की गेला.

तिसरं कारण गुजरातेत राहणाऱ्यालाच कळेल. बशी फिरायला लागली की पहिला प्रश्न येतो, 'एमां ईंडुं तो नथी ने?' नाही. मूळ स्कॉटिश कृतीतच अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. साखर, लोणी, पीठ, संपलं. आमच्यात एक जैन बेन आहेत, त्या सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. म्हणून बैठक पाचला सुरू होते आणि बशी आधी त्यांच्यापुढे जाते.

आता कृती, कारण ती विचारल्याशिवाय कोणी उठत नाही. प्रमाण वजनाचं आहे: साखर एक भाग, लोणी दोन, पीठ तीन. दहा-बारा जणांना 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम लोणी, 300 ग्रॅम पीठ पुरतं. वाटीने मोजू नका. वाटीभर मैदा आणि वाटीभर साखर यांचं वजन सारखं नसतं, आणि तीनच जिन्नस असलेल्या पदार्थात चूक लपायला जागा नाही. त्या 300 मधला 50 ग्रॅम मैदा काढून तेवढी तांदळाची पिठी घालावी. स्कॉटलंडमध्येही घालतात, खुसखुशीतपणा वाढतो, आणि आपल्या घरात ती असतेच.

लोणी म्हणजे इथे अमूल बटर. आणंद आमच्यापासून तासाभरावर, तेव्हा पदार्थ परदेशी म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. ते खारं असतं, म्हणून वेगळं मीठ घालायचं नाही. तूप घालून पाहू का, असं हमखास विचारतात. घाला, पण मग ती नानखटाईच्या वाटेला लागली. लोण्यात दुधाचा अंश असतो, तो भट्टीत भाजला जातो आणि शॉर्टब्रेडचा वास त्यातूनच येतो. तूप कढवताना आपण नेमकी तीच बेरी गाळून टाकतो. वेलची, जायफळ, केशर काहीही नको. एवढ्यावर मी कोणाचं ऐकत नाही.

शंकरपाळ्यांना मोहन ज्यासाठी घालतो, तेच इथे चालतं, फक्त कितीतरी पटींनी. स्निग्धांश पिठाच्या कणांना वेढून टाकतो, पाणी आत पोचत नाही, चिवटपणा धरत नाही. म्हणून मळायचं नाही. मऊ लोणी आणि साखर एकत्र करायची, पीठ घालून बोटांनी चोळायचं, मुठीत धरल्यावर गोळा झाला की थांबायचं. पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर दाताखाली कळेल.

मग ताटलीत सेंटिमीटरभर जाड थापा, सुरीने पट्ट्यांच्या खुणा करा, काट्याने टोचे मारा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बडोद्याच्या मे महिन्यात ही पायरी गाळता येत नाही, थापता थापताच लोणी पाझरायला लागतं. ओव्हन 160 अंशांवर, 30 ते 35 मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी व्हाव्यात, मधला भाग फिकाच राहू द्यावा. बाहेर काढल्यावर मऊ लागते, म्हणून कच्ची राहिली समजून पुन्हा आत ढकलू नका. गार होताना ती कडक होते. पण पट्ट्या गरम असतानाच कापाव्या लागतात, गार झाल्यावर सुरी लावली की तुकडे होतात. हे सगळं आदल्या दिवशी करावं. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज टिकते, आणि बैठकीच्या दिवशी यजमानाला चहाखेरीज काम उरत नाही.

क्रिकेटच्या मॅचलाही हाच डबा आणाल का, असं परवा एकाने विचारलं. मुळीच नाही. मॅच बघताना कोणाच्या हातात पुस्तक नसतं. तिथे सेव उसळ, वर तिखट तरी, आणि ज्याला जेवढं ओरडायचं तेवढं ओरडू दे.