धनेशाचं पिल्लू बोंडल्याला रुळताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वळवाच्या वाऱ्यानं ढोलीचं झाड कोसळलं आणि मलबार कवड्या धनेशाचं पिल्लू आमच्या बचाव गटाकडे आलं. असा वन्यप्राणी हाती आला की ४८ तासांच्या आत कळवायचं, हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच आहे. वनखात्याला आम्ही त्याच दिवशी कळवलं आणि त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पिल्लू माझ्याकडे राहिलं.

खाणं उंबरं, पपई आणि नाकतोडे. धनेशाची जीभ आखूड, त्यामुळे चोचीच्या टोकाशी धरलेलं फळ त्याला घशात उडवावं लागतं. ते जमेपर्यंत मी चिमट्यानं भरवत असे. शीट मात्र ते खोक्याच्या कडेकडे पाठ करून बाहेर उडवायचं, ढोलीच्या फटीतून उडवतात तसं. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

माझी चाहूल लागली की ते किंचाळत खायला मागू लागे. माणसाला आई मानणारा पक्षी जंगलात सोडला, तर तो कुणाच्याही अंगणात उतरणार. म्हणून डॉक्टरांनी त्याला बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात ठेवायचं ठरवलं आणि मला ते पटलं.

गुरुवारी बोंडला पर्यटकांना बंद असतं, म्हणून त्याच दिवशी नेलं. आधी विलगीकरणाचा पिंजरा. त्याची बसायची फांदी आणि ताटली मी सोबत दिली. तरी राखणदारकाकांच्या हातचं ते काही घेईना. काका म्हणाले, "बाय, तू दिसत राहिलीस तर हे माझ्याकडे कशाला येईल?"

मग मी आडोशाला थांबू लागले. काका न बोलता ताटली ठेवून बाहेर पडायचे. बराच वेळ हाका मारल्यावर ते खाली उतरायचं, आधी उंबरं संपवायचं. पाण्याचं भांडं भरलेलंच राही, पण त्याची काळजी नव्हती. धनेशाची तहान बरीचशी रसाळ फळांवरच भागते. खाणं नियमित झालं तसं मी जाणं थांबवलं. फोनवर वजन तेवढं विचारायचे.

त्याला खरा धीर आला तो शेजारच्या पिंजऱ्यातल्या मोठ्या धनेशामुळे. आता ते जाळीलगतच्या फांदीवर बसतं, तो ओरडला की ओ देतं. काकांकडे पाहून मागणंही कमी झालंय. दोघांना एकत्र सोडायची घाई काका करत नाहीत. चोचीला जोर येऊ दे, म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. तोवर उसगावमार्गे बोंडल्याला जाणारं कुणी भेटलं की मी उंबरांची पिशवी देते.